न मोडणारं विमान

शाळेचे बाक बनवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या हाती कुणी विमान देऊ नये. बाकाचा धर्म एकच, मोडायचं नाही. कारखान्यात नवा माणूस आला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायचो, "बसणारा तुझा शत्रू आहे असं समज. तो खिळे उपसणार, कर्कटकाने कोरणार, मधल्या सुट्टीत या बाकावरून त्या बाकावर उड्या मारणार. तेव्हा जिथे एक पट्टी पुरेल तिथे दोन ठोक." माझ्या हातचे बाक अजून वापरात आहेत. मधल्या काळात काही शाळा बंद पडल्या, पण बाक मोडला म्हणून एकही पडली नाही.

अशा माणसाकडे बाळ आपलं अर्धवट विमान घेऊन राहायला आला.

बाळ म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. साठी उलटली, मिशा पिकल्या, पण ताईच्या तोंडी तो बाळच, त्यामुळे सगळ्या इमारतीच्या तोंडी बाळच. एकटा जीव. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले आणि उरलेल्या वेळात रिमोटवर उडणारी विमानं बनवली. हातभर लांबीची, थर्माकोलसारख्या फोमची आणि हलक्या लाकडाची. दुकानात मिळतात तशी घिरट्या घालणारी गरीब विमानं नव्हेत. बाळची विमानं सुटली की सुटली. मान वळवेपर्यंत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

आता त्याच्या नजरेत मधोमध एक डाग पडला होता आणि तो वाढत होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. डॉक्टरांनी हात धुता धुता सांगितलं की कडेचं दिसतंय तेही हळूहळू जाईल, आणि मग टॉवेल कुठे आहे असं नर्सला विचारलं.

पहिल्याच दिवशी जेवताना बाळ म्हणाला, "भाऊजी, हे एकदा उडालेलं ऐकायचंय."

"ऐकायचं?"

"दिसणार तर नाहीच. पण पूर्ण वेगात डोक्यावरून गेलं ना, की कळतं. येतानाचा आवाज वेगळा, जातानाचा वेगळा. माझ्या सगळ्या विमानांत हे वेगवान होणार. एकदा डोक्यावरून गेलं की झालं."

हे 'झालं' तो मीठ मागावं तसं म्हणाला. बायको उठून आत गेली आणि तिने उगाचच नळ सोडला.

अशा रीतीने मी बाळचे हात आणि डोळे व्हायचं ठरलं. डोकं त्याचंच राहणार होतं. ही वाटणी दिसते तितकी सोपी नाही. माझ्या हातांना स्वतःचं असं एक डोकं होतं, आणि ते बाकांत घडलेलं होतं.

आधी उडवायला शिकायचं होतं. त्यासाठी बाळकडे एक जुनं, मंद, समजूतदार विमान होतं. इमारतीमागे पालिकेच्या गाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या जागेत आम्ही सुरुवात केली. रिमोटला दोन दांड्या असतात. एक वेगाची, एक वळण्याची. विमान आपल्यापासून लांब जात असेल तर डावीकडे म्हणजे डावीकडे, पण ते आपल्याकडे येत असेल तर डावीकडे म्हणजे उजवीकडे. हे मला बाळने समजावलं, मग बायकोने समजावलं, मग वरच्यांनी समजावलं. ते समजलं तेव्हा विमान कुंपणात होतं.

वरचे म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. पुलांच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. देह एखाद्या पुलाच्या खांबासारखा, आणि मतही तसंच, एकदा उभं राहिलं की हलत नाही. त्यांनी मोडलेलं विमान हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "आधार कमी आहे."

"याला आधार हवेचा असतो," बाळ म्हणाला.

"हवेवर कुणी भरवसा ठेवतं का?"

मला हे मनापासून पटलं, हे मी लपवत नाही.

दुसऱ्यांदा विमान पाण्याच्या टाकीला धडकलं. तिसऱ्यांदा ते कडेला उभ्या असलेल्या शववाहिकेच्या टपावर जाऊन आदळलं. आत झोपलेला ड्रायव्हर डोळे चोळत बाहेर आला. त्याने आम्हा दोघांकडे, म्हणजे आमच्या वयाकडे, नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, एवढी घाई कसली? नंबर लागला की मीच येईन की न्यायला!"

बाळ खूप हसला. मी हसलो नाही. मोडलेली वस्तू हातात असताना मला हसू येत नाही. दर वेळी तो गुडघ्यांवर बसून चाचपत तुकडे गोळा करायचा आणि पोत्यात भरायचा. "मोडलं की बरं असतं, भाऊजी. कुठे कच्चं होतं ते कळतं."

"कच्चं ठेवायचंच कशाला?"

"सगळं पक्कं केलं तर उडेल का?"

 वाद घालायला समोरच्याचे डोळे लागतात; ज्याला आपले फक्त कान दिसतात त्याच्याशी भांडता येत नाही.

शेवटी मी ते मंद विमान उडवायला शिकलो. म्हणजे ते वर जायचं, एक चक्कर मारायचं आणि जमिनीवर उतरायचं; त्यातलं किती मी करायचो आणि किती ते स्वतःच्या समजूतदारपणाने करायचं, हे सांगता येत नाही.

मग खरं काम. वेगवान विमानाला मजबुती लागते हे बाळलाही मान्य होतं. वेगात वळताना पंख दुमडतात. म्हणून फोमच्या पंखात कार्बनची एक बारीक दांडी बसवायची आणि वरून काचेच्या धाग्यांचं कापड रेझिन लावून चिकटवायचं. रेझिन मधासारखं दिसतं आणि सुकलं की दगड होतं. ते कुठे कालवायचं हा प्रश्न होता. जेवणाचं टेबल हे उत्तर माझं.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. रेझिन त्यातून खाली उतरेल हे मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आणि टेबल यांच्यात भेद राहिला नव्हता. बायको ताटं मांडायला आली.

"अहो, हे काय?"

"सुकतंय."

"हे सुकून गेलंय. इथे कुणाची तरी निधनवार्ता छापून बसली आहे टेबलावर."

पाहिलं तर खरंच. फोटोसकट. कुणी अनोळखी वयस्कर बाई. खरवडून निघेना. तेव्हापासून आम्ही तिघे तिच्यासमोर जेवतो. बाळला ती दिसत नाही, म्हणून त्याचं ताट तिच्यावर ठेवतात.

काचेच्या कापडाचं तर विचारूच नका. कापताना त्याचे धागे उडाले आणि घरभर खाज सुटली. आधी आम्हाला, मग समोरच्यांना. समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना प्रत्येक गोष्टीचा शेवट आधीच माहीत असतो आणि तो चांगला नसतो. त्या कोपर खाजवत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मावसदिरांना असंच झालं होतं."

"मग?"

"गेले."

"खाजेने?"

"नाही, वयाने. पण सुरुवात खाजेने झाली होती."

पंखावर कापड लावलं की ते सुकेपर्यंत सगळीकडून सारखं दाबून ठेवायचं असतं. बाळकडे त्यासाठी कधीकाळी हवा ओढून घेणारी पिशवी आणि पंप होता. पंप रुसला होता. मी म्हणालो, दाब म्हणजे दाब. पंख प्लास्टिकमध्ये गुंडाळून पलंगावर दोन गाद्यांच्या मध्ये ठेवला आणि वर वजन म्हणून घरातलं जे जे जड ते ते रचलं. कमी पडत होतं. मग वरच्यांना चहाला बोलावलं.

वरचे गादीच्या मधोमध बसले. समोरच्या बाई पायथ्याशी, मी उशाशी. बायको दारात उभी राहिली; मी तिलाही बसायची खूण केली, तर ती म्हणाली, "मी या घरात वजन म्हणून बसणार नाही." रेझिन सुकायला अर्धा दिवस लागतो हे पाहुण्यांना सांगितलं नव्हतं. वरचे उठायला निघाले की मी पुलांचा विषय काढायचो. त्यांनी आयुष्यात बांधलेले सगळे पूल आम्ही त्या दिवशी ओलांडले. शेवटी शेवटी ते अशा पुलावर आले जो मंजूर झाला, बांधूनही झाला, पण तोवर त्याखालची नदीच दुसरीकडे वळवली गेली होती, आणि तिथे त्यांनी कपातला गार चहा एका घोटात संपवला. कोरड्या जमिनीवर पूल बांधून माणूस निवृत्त होतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "व्हायचंच ते." खाली पंख सुकत होता.

सगळे उठल्यावर पंख काढला. गादी मधे दबलेली, त्यामुळे पंखही मधे खाली आणि दोन्ही टोकांना वर. वरच्यांच्या बैठकीचा हुबेहूब साचा. बाळने पंखावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मी त्या बोटांकडे बघत राहिलो.

"दोन्हीकडे सारखा आलाय," तो म्हणाला. "शिकाऊ विमानांना असा बाक मुद्दाम देतात. सोडून दिलं तरी सरळ जाईल. वळताना तेवढी कुरकुर करेल."

"म्हणजे चालेल?"

"आता तेच आपलं विमान, भाऊजी." मग हसून, "तुम्ही शेवटी बाकच बनवलात."

परवानगीचं ऐका. मागच्या जागेत शववाहिकेमुळे बंदी आली, म्हणून टाकीपलीकडचं मोठं मैदान हवं होतं. मैदानांच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कशासाठी?"

"विमान उडवायला."

"मग हे खातं नाही. विमानवाल्यांकडे जा."

"छोटं आहे हो. खेळण्यातलं."

"खेळणं असेल तर अर्ज मुलांच्या गटात. मूल बरोबर आणा."

मी बाळकडे बोट दाखवलं. "हा बाळ."

कारकुनाने बाळच्या मिशांकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. विमान हे खेळणं नाही, विमान हे विमान नाही, खेळ म्हणावा तर स्पर्धा नाही, स्पर्धा नाही तर गर्दी नाही, आणि गर्दी नसेल तर परवानगी कशाला. पण परवानगीशिवाय जाता येणार नाही. बाळ बाकड्यावर शांत बसून होता. (ते बाकडं आमच्या कारखान्याचं नव्हतं. हलत होतं.) शेवटी बाळ उठून खिडकीशी गेला आणि म्हणाला, "साहेब, माझी नजर जात चालली आहे. लवकर बघा काहीतरी."

कारकुनाने नियमांची वही काढून चाळली. मग म्हणाला, "ज्येष्ठ नागरिकांचा सामूहिक व्यायाम असा एक प्रकार आहे. हात वर करण्याचा. हात वर केल्यावर हातात काय असावं, यावर नियम नाही." आणि शिक्का मारला. त्या खात्यातही माणसं असतात. फक्त ती आदल्या दिवशी भेटत नाहीत.

आता मी जे केलं ते सांगतो. विमान तयार झालं होतं. पंख बसला, मोटर बसली, पोटात रेडिओचा तो छोटा डबा बसला जो रिमोटचं ऐकतो. रंग तेवढा बाकी. बाळ म्हणाला, "आता काही वाढवू नका, भाऊजी. बरोबर जमलंय." मी विमान उचलून पाहिलं. फुलासारखं होतं ते. बोटाने पोट दाबलं तर दबत होतं. मला वाटलं, याचा वेग एवढा, आणि माझे हात असे. हे पडलं तर दुसरं होणार नाही. दुसरं बनेपर्यंत बाळला मी दिसेनसा होईन, कानांसकट.

बाळच्या सामानात कार्बनचं काळं कापड थोडं पडून होतं; रेझिन लावून सुकलं की तिजोरीसारखं पक्कं होणारं. बाळ आंघोळीला गेला तेव्हा मी ते विमानाच्या पोटावर चारी बाजूंनी गुंडाळलं, रेझिन लावलं, आणि सुकल्यावर वरून रंग दिला. पोट दगडासारखं झालं. मी वर नेऊन वरच्यांना दाखवलं. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. "आता आहे आधार."

घरात रिमोट चालवून पाहिला. इकडे दांडी हलवली की तिकडे शेपटी हलत होती. लांब चालत जाऊनही तपासायचं असतं. ते मैदानात करू, असं बाळ म्हणाला.

मैदानात चौकीदार होता. त्याने परवानगी वाचली आणि म्हणाला, "व्यायाम करा."

"करतोच आहोत," मी विमान जमिनीवर ठेवत म्हणालो.

"हात वर करा. मला वर सांगावं लागतं."

तेव्हा मी आणि बाळ हात वर करून, खाली करून, बाजूला करून उभे राहिलो. बाळला चौकीदार कुठे उभा आहे हे कळत नव्हतं, म्हणून त्याने पाठमोरा होऊन व्यायाम केला. चौकीदार समाधान होईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "आता लवकर आटपा, फुटबॉलवाले येतील." लांबून तपासायचं राहून गेलं.

बाळने विमान फेकायला उचललं आणि तो थांबला. हातात खालीवर केलं.

"भाऊजी, हे जड आहे."

"रंगाचं वजन," मी म्हणालो.

मग त्याने पाय रोवले आणि फेकलं.

विमान सुटलं. काय सुटलं! मी ते वर नेलं, जवळच्या जवळ एक वळण घेतलं, ते ऐकत होतं. "आता आणा," बाळ म्हणाला. मी नाक आमच्याकडे केलं आणि वेगाची दांडी पूर्ण पुढे लोटली. ते आलं. आधी बारीक सूर, मग चिरत येणारा, मग डोक्यावर कुणीतरी कापड टरकन फाडावं तसा, आणि लगेच तोच आवाज खाली उतरत लांब गेला. बाळ मान वर करून उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

"हेच," तो म्हणाला. "हेच. आता वळवा."

मी दांडी वळवली. विमान वळलं नाही. पूर्ण वळवली. वेग मागे घेतला. आवाज तसाच. लांब, सरळ, पूर्ण वेगात.

"वळवतोय," मी म्हणालो.

"वळत नाहीये, भाऊजी." त्याचे कान ऐकत होते. मग हळूच, "पोटावर काय लावलंत?"

"कार्बनचं कापड. तू आंघोळीला गेलास तेव्हा."

बाळने डोळे मिटले. "कार्बनच्या आत रेडिओला ऐकू येत नाही. जवळून येतं, लांबून नाही. आणि हा संच जुना. ऐकू आलं नाही की शेवटचा हुकूम धरून बसतो."

शेवटचा हुकूम पूर्ण वेगाचा होता.

मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असं फार वाटत होतं. माझ्या बाकांवरून, माझ्या अकलेवरून, काहीही. तो बोलला नाही. विमान आधी रेषा झालं, मग ठिपका, मग मला दिसेना. आवाज उरला होता, मग तोही मला ऐकू येईना.

"गेलं," मी म्हणालो.

"थांबा," बाळने हात वर केला. "अजून आहे."

आम्ही थांबलो. फुटबॉलवाले आले आणि त्यांच्यापैकी कुणीही आमच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने बाळ म्हणाला, "माझं एकही विमान असं गेलं नाही, भाऊजी. सगळी मी पोत्यात भरून घरी आणली." आणि मग, "कुठल्या बाजूला गेलं?"

मी बोट दाखवलं. बोट दाखवून काय उपयोग, हे उशिरा लक्षात आलं. मग त्याचा हात धरला आणि त्या दिशेला नेला.

"तिकडे काय आहे?"

मी पाहिलं. तिकडे उंच इमारती होत्या, एकीला एक लागून, काचेच्या खिडक्यांच्या. गच्च्यांवर कपडे वाळत होते. एका गॅलरीत कुणी बाई झाडांना पाणी घालत होती. आणि त्या सगळ्याच्या दिशेने, मी हाताने दगड केलेलं, कुठेही आपटलं तरी न मोडणारं विमान पूर्ण वेगात गेलं होतं.

"मोकळं आहे," मी म्हणालो. "सगळं मोकळं आहे."

"मग ठीक," बाळ म्हणाला. मी त्याचा हात सोडला. त्याने तो खाली घेतला नाही.